स्टेडियम, क्रीडा संकुले आणि नाशिककरांचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम असावे, ही इच्छा शहरात जुनी आहे आणि ती चुकीची नाही. गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामना असला की गर्दी होते, आणि सामना पाहून घरी परतणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो की भारतीय संघ इथे कधी खेळणार. या पानावर उत्तरे आहेत ती दुसऱ्या एका प्रश्नाची, जो त्या उत्साहात मागे पडतो : असे स्टेडियम सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि अपेक्षेप्रमाणे चालले नाही, तर तोटा कोणाच्या खात्यावर पडतो?

सार्वजनिक निधी म्हणजे नेमका कोणाचा पैसा?

जकात गेली, त्यानंतर आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून नाशिक महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे राज्याकडून मिळणारे भरपाईचे अनुदान. त्याच्या जोडीला घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांतून येणारे विकास शुल्क असते. यांतील अनुदानाची रक्कम महापालिकेच्या हाती नाही आणि विकास शुल्क बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीवर अवलंबून आहे. म्हणजे मोठे नवे दायित्व अंगावर आले आणि पैसा कमी पडला, तर आयुक्तांना हात घालता येईल अशी जागा घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढीच उरते. २०१८ मधील करवाढीवरून शहरात किती मोठे आंदोलन झाले, हे ज्यांना आठवते त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

राज्य सरकारने अनुदान दिले तर महापालिकेचे काय जाते?

बांधकामापुरते फारसे जात नाही. राज्याच्या क्रीडा संकुल योजनेत २०२२ मध्ये अनुदानाची मर्यादा तालुका संकुलासाठी ५ कोटी, जिल्हा संकुलासाठी २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी ५० कोटी रुपये करण्यात आली. या रकमांत धावपट्टी, इनडोअर हॉल, व्यायामशाळा, वसतिगृह अशा गोष्टी होऊ शकतात. तीस-चाळीस हजार प्रेक्षकांचे स्टेडियम होत नाही. त्यामुळे मोठ्या प्रकल्पात वरची रक्कम कर्जातून, जमिनीतून किंवा खासगी भागीदाराकडून उभी करावी लागते आणि खरी जोखीम तिथेच सुरू होते.

शिवाय अनुदान हे बांधण्यासाठी एकदाच मिळते. वीज, पाणी, सुरक्षा रक्षक, हिरवळ, फ्लडलाइट आणि गळणारे छत यांचा खर्च दरवर्षी येतो. तो भागवण्यासाठी वर्षानुवर्षे अनुदान मिळत राहील, असे गृहीत धरून कोणतेही शहर चालू शकत नाही.

बांधकामाचा जाहीर आकडा हाच एकूण खर्च नसतो का?

नसतो, आणि हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे. एक हिशेब मांडून पाहू. यातील आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रस्तावातले नाहीत.

समजा, ३०० कोटींचे स्टेडियम पूर्णपणे कर्जातून बांधले, व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षे. समान वार्षिक हप्ता येतो सुमारे साडेतीस कोटी, म्हणजे वीस वर्षांत फेड होते जवळजवळ ६११ कोटींची. देखभाल-दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या ३ टक्के धरले तर वर्षाला आणखी ९ कोटी. वार्षिक बोजा झाला साडेएकोणचाळीस कोटी. आता जमेची बाजू पाहा. वर्षात मोठ्या सामन्यांचे दहा दिवस मिळाले (नव्या शहराच्या दृष्टीने हा उदार अंदाज आहे) आणि प्रत्येक दिवसाचे भाडे २५ लाख रुपये आले, तर अडीच कोटी होतात. गाळे, सभासदत्व आणि सभागृहाचे भाडे यांतून आणखी २ कोटी मिळाले असे मानले, तरी दरवर्षी ३५ कोटी कमी पडतात. शहरातील मिळकती सोयीसाठी ५ लाख धरल्या, तर प्रत्येक मिळकतीमागे वर्षाला ७०० रुपये होतात. वीस वर्षांत एका घराने त्या स्टेडियमसाठी १४ हजार रुपये दिलेले असतील, मग त्या घरातले कोणी एकही सामना पाहिलेला असो वा नसो.

आणि हे सारे काम ठरलेल्या खर्चात पूर्ण झाले तरच. ३०० चे ४०० कोटी झाले, तर हप्ताच सुमारे ४१ कोटींवर जातो. आपल्याकडे सुधारित प्राकलन, म्हणजे खर्चाचा वाढवलेला अंदाज, ही अपवादाची बाब राहिलेली नाही. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या नूतनीकरणावर सुमारे ९६० कोटी रुपये खर्च झाले. त्या स्पर्धेच्या एकूण नियोजनावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले, पण तोपर्यंत पैसे खर्च होऊन गेले होते.

पण सामने आले की हॉटेल, रिक्षा, दुकाने सगळ्यांचीच कमाई वाढते. ती धरायची नाही का?

धरायची, पण तीतून वजाबाकी करून. इंदिरानगरमधल्या एका कुटुंबाने सामन्यावर तीन हजार रुपये खर्च केले, तर ते पैसे बहुधा त्याच महिन्यात कॉलेज रोडवरच्या हॉटेलात, सिनेमाला किंवा कपड्यांच्या दुकानात गेले असते. शहराच्या दृष्टीने पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, त्यात भर पडली नाही. भर पडते ती बाहेरून आलेल्या आणि इथे मुक्काम करणाऱ्या प्रेक्षकाच्या खर्चाने. मुंबईहून आलेला माणूस रात्रीच कसारा घाट उतरून घरी गेला, तर त्याच्या खर्चाचा फार थोडा भाग नाशिकमध्ये राहतो. तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे मोठे उत्पन्न तर आयोजक संस्थेकडे आणि संघमालकांकडे जाते. ते शहराच्या वाट्याला येतच नाही.

अमेरिकेत अशा स्टेडियमवर अनेक दशके सार्वजनिक पैसा खर्च होत आला आहे आणि तिथल्या अर्थतज्ज्ञांनी या विषयाचा तीस वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला आहे. एरवी क्वचितच एकमत होणाऱ्या या मंडळींचे इथे मात्र बऱ्यापैकी एकमत आहे : स्टेडियममुळे स्थानिक उत्पन्नात होणारी वाढ ही दिलेल्या सार्वजनिक पैशाच्या तुलनेत फारच थोडी असते. नाशिकला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, पण उलाढालीचे आकडे मांडणाऱ्या प्रत्येक सादरीकरणाला ‘यातले नवे पैसे किती आणि सरकलेले किती’ हे विचारण्याचा अधिकार त्यातून नक्कीच मिळतो.

तोटा खरोखर करदात्यांवर पडल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि त्यांतली दोन तरी प्रत्येक नगरसेवकाने वाचावीत अशी आहेत.

कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ चे ऑलिंपिक भरवले. मुख्य स्टेडियमचा मनोरा आणि छत स्पर्धेपर्यंत पूर्ण झाले नाही, पण कर्ज मात्र पूर्ण वाढले. ते फेडण्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला आणि शेवटचा हप्ता फिटला तो २००६ मध्ये. स्पर्धा चालली दोन आठवडे, तिची फेड चालली तीस वर्षे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात किंगडोम नावाचे मोठे घुमटाकार स्टेडियम होते. मार्च २००० मध्ये ते स्फोटकांनी पाडण्यात आले. त्याच्या बांधकामाचे आणि दुरुस्तीचे कर्ज मात्र पडले नाही; जे स्टेडियम अस्तित्वातच नव्हते, त्याचे पैसे लोक २०१५ पर्यंत भरत होते. कर्जाची मुदत इमारतीच्या उपयोगी आयुष्याहून मोठी ठेवली की काय होते, ते याहून स्पष्ट दिसणार नाही.

अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातील हॅमिल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १९९६ मध्ये मतदारांनी दोन स्टेडियमसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मान्य केली, कारण त्या बदल्यात मालमत्ता करात सवलत मिळेल असे त्यांना सांगितले होते. उत्पन्न अंदाजापेक्षा कमी आले, सवलतीला कात्री लागली आणि पुढे काउंटीने आपले सार्वजनिक रुग्णालयही विकले.

खासगी भागीदार घेतला तर जोखीम त्याच्यावर जात नाही का?

करारात तसे लिहिले असेल तर जाते, आणि भागीदार टिकला तर. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे शब्द ऐकायला आश्वासक वाटतात, पण त्यांच्या पोटात अनेक प्रकार असतात. तिरुवनंतपुरमजवळच्या कार्यवट्टम येथील स्टेडियम २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी याच धर्तीवर उभे राहिले. बांधणी आणि चालवणे खासगी कंपनीकडे आणि त्या बदल्यात सरकारने ठरावीक वर्षे वार्षिक रक्कम द्यायची, अशी रचना होती. ती कंपनी ज्या वित्तीय समूहाची होती, तो आयएल अँड एफएस समूह २०१८ मध्ये कोलमडला. पुढे देखभालीवरून वाद होत राहिले.

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी बोलके आहे. २०१२ मध्ये सुरू झालेले ते स्टेडियम महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने कर्ज काढून उभारले, म्हणजे जोखीम संघटनेची होती. नामकरण हक्काचे पैसे देण्याचे कबूल केलेल्या समूहाकडून रक्कम थकली, नाव उतरवावे लागले आणि २०१८ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. संघटनेच्या जागी महापालिका असती, तर बँकांची नोटीस राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात आली असती. नामकरण हक्काचे उत्पन्न हे हप्त्याइतके खात्रीचे धरू नये, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

जागा तर महापालिकेचीच असते. तिचा खर्च का मोजायचा?

कारण ती जागा दुसऱ्या कशासाठी तरी मिळाली असती. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित असलेले अनेक भूखंड मोबदल्याअभावी ताब्यात येत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा मंजूर झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. एका मोठ्या स्टेडियमसाठी पैसा अडकला आणि त्या काळात सातपूर, सिडको, नाशिकरोड भागांतील पाच-सहा मैदानांची आरक्षणे हातची गेली, तर ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. एकदा इमारत उभी राहिलेले मैदान परत मिळत नाही.

पाण्याचा आणि पोलीस बंदोबस्ताचा खर्च कोण करतो?

पाण्याबाबत नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २०१५ मध्ये गंगापूर आणि दारणा धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून इथे आंदोलने झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांवर पिण्याच्या पाण्याचा वापर हा त्यातला मुख्य मुद्दा होता. म्हणजे दुष्काळी वर्षात सामने रद्द होण्याची शक्यता खरी आहे आणि त्या वर्षीही हप्ता थांबत नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर हिरवळ राखण्याची सोय पहिल्या आराखड्यातच असायला हवी.

बंदोबस्ताचा मुद्दा अधिक आडून येतो. सामन्यांसाठी पोलीस देण्याचे शुल्क आयोजकांकडून घेतले जाते, पण मुंबईत हे शुल्क वर्षानुवर्षे थकले. २०२३ मध्ये राज्य सरकारने शुल्कात मोठी कपात केली आणि ती २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. त्यावर जनहित याचिका झाली आणि उच्च न्यायालयाने सरकारला जाब विचारला. अशी सवलत अंदाजपत्रकात ‘स्टेडियमवरील खर्च’ या शीर्षाखाली कधीच दिसत नाही, पण ती देते करदाताच.

म्हणजे खेळावर सार्वजनिक पैसा खर्चच करू नये, असे म्हणायचे आहे का?

अजिबात नाही. उलट माझे म्हणणे असे आहे की आपण खेळावर पुरेसा खर्च करत नाही आणि जो करतो तो प्रेक्षकांच्या गॅलरीवर अधिक करतो.

हरसूल भागातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवून आली. वर ज्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या खर्चाबद्दल लिहिले, त्याच स्टेडियमच्या ट्रॅकवर तिने ते मिळवले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मोठ्या स्पर्धेला मोठी जागा लागतेच. पण ती धावपटू घडली ती नाशिकच्या साध्या मैदानांवर आणि रस्त्यांवर, सातत्याने मिळालेल्या प्रशिक्षणामुळे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, तो सैन्यातल्या प्रशिक्षणाच्या बळावर. दोघांनाही घडताना गॅलरीची गरज पडली नाही.

देखभालीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मुलीसाठी एका सार्वजनिक जलतरण तलावाचा वार्षिक पास काढला होता. तिसऱ्या महिन्यात पाणी शुद्ध करणारा पंप बिघडला आणि फाटकावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा हाताने लिहिलेला कागद लागला. पावसात त्याची शाई उतरली, मग त्याच मजकुराचा नवा कागद लागला. फाटकाच्या गजांतून आत पाहिले की हिरव्या पाण्यावर पाने तरंगताना दिसत आणि कडेला शर्यतीचे क्रमांक लिहिलेले आठही ठोकळे तसेच उभे असत. बांधकामावरच्या खर्चाच्या मानाने तो पंप किरकोळ किमतीचा होता, पण त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. मुलीने त्या वर्षानंतर पोहणे सोडले. मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव ऐकला की मला तो कागद आठवतो, आणि बांधकामाच्या आकड्याआधी देखभालीची तरतूद विचारण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

महापालिकेवर कायद्याचे काही बंधन आहे का?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने कामांचे दोन भाग केले आहेत. कलम ६३ मध्ये पाणी, मलनिस्सारण, सफाई, दिवाबत्ती अशी बंधनकारक कर्तव्ये आहेत. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत आणि मैदाने, उद्याने यांसारख्या सोयी त्यांत येतात. ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाची नव्हे, पण बंधनकारक कामांना कात्री लावून त्यांच्यासाठी कर्ज काढणे योग्य ठरत नाही. सिंहस्थाच्या वर्षांत तर हा विचार अधिकच करावा लागतो, कारण घाट, रस्ते आणि मलनिस्सारणाची दायित्वे अंदाजपत्रकात आधीच येऊन बसतात.

मोठा खर्च स्थायी समिती आणि महासभेपुढे यावा, अशी कायद्याची रचना आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणूक दीर्घकाळ झाली नाही आणि त्या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडेच होते. ज्या काळात प्रश्न विचारणारे सभागृहच नसते, त्या काळात वीस-तीस वर्षांची दायित्वे स्वीकारली जाऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते.

सामान्य नागरिकाने कोणती कागदपत्रे मागावीत?

सविस्तर प्रकल्प अहवाल, त्यातील प्रेक्षकसंख्येचे आणि सामन्यांच्या दिवसांचे गृहीतक, कर्जफेडीचे वर्षवार वेळापत्रक, देखभालीची पुढील किमान दहा वर्षांची तरतूद आणि भागीदाराशी होणाऱ्या कराराचा मसुदा. माहिती अधिकार अधिनियम २००५ नुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे आणि न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकांचे अहवालही मागता येतात. अर्जात ‘स्टेडियमची सर्व माहिती’ असे मोघम लिहू नये. कोणत्या ठरावाची प्रत हवी, कोणत्या वर्षाचे जमाखर्च हवे, हे नेमके लिहिले की टाळाटाळीला जागा कमी राहते.

करार व्यावसायिक गोपनीयतेत मोडतो, असे उत्तर आले तर?

तर अपील करावे आणि लंडनचा दाखला द्यावा. २०१२ च्या ऑलिंपिकचे स्टेडियम नंतर वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आले. त्याच्या रूपांतरावर ३२.३ कोटी पौंड खर्च झाले आणि क्लबचे सुरुवातीचे वार्षिक भाडे ठरले सुमारे २५ लाख पौंड. अटी बराच काळ गुप्त ठेवल्या होत्या. चाहत्यांनी आणि नागरिकांनी माहिती कायद्याखाली पाठपुरावा केला, निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि एप्रिल २०१६ मध्ये करार उघड झाला. तेव्हा लोकांना कळले की सामन्याच्या दिवशीचे सुरक्षा कर्मचारी, मैदानाची निगा, गोलपोस्ट आणि कोपऱ्यावरचे झेंडे यांचाही खर्च सार्वजनिक मालकाकडेच होता. भाडे त्या खर्चालाही पुरे पडत नव्हते. पण करार वाचायला मिळाला तेव्हा त्यावर सह्या होऊन तीन वर्षे उलटली होती. नाशिकमध्ये असा प्रस्ताव आला, तर मसुदा सह्यांच्या आधी किमान दोन महिने संकेतस्थळावर मराठीत ठेवण्याची मागणी प्रभागातल्या नगरसेवकाकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी.